एलिश्का क्रास्नोहोर्स्का : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलिश्का क्रास्नोहोर्स्का कोण होत्या?

झेक कवयित्री, समीक्षक, अनुवादक, संपादक आणि ऑपेरांच्या संहिताकार. जन्म प्रागमध्ये, १८ नोव्हेंबर १८४७ रोजी. मृत्यूही प्रागमध्येच, २६ नोव्हेंबर १९२६ रोजी. घरचे आडनाव पेखोवा. क्रास्नोहोर्स्का हे लेखनासाठी घेतलेले नाव, पण आयुष्यभर त्या त्याच नावाने ओळखल्या गेल्या. संगीताच्या इतिहासात त्या झेक संगीतकार बेद्रिख स्मेताना यांच्या शेवटच्या तीन पूर्ण ऑपेरांच्या लेखिका म्हणून येतात, शिक्षणाच्या इतिहासात ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या मुलींच्या पहिल्या गिम्नाझियमच्या, म्हणजे विद्यापीठासाठी तयार करणाऱ्या शाळेच्या, संस्थापक म्हणून. संगीतावर लिहिणारे बहुधा शाळेला एका वाक्यात उरकतात आणि शिक्षणावर लिहिणारे ऑपेरांना. बाईंना समजून घ्यायचे तर दोन्ही एकत्र पाहावे लागते.

त्यांना बोहेमियन म्हणतात. बोहेमियन म्हणजे बेफिकीर, भटके कलावंत, तसे काही का?

अजिबात नाही. बोहेमिया हा आजच्या झेकियाचा पश्चिमेकडचा मोठा प्रदेश, प्राग हे त्याचे मुख्य शहर. क्रास्नोहोर्स्का यांच्या आयुष्यातला बहुतेक काळ हा प्रदेश हाब्सबर्ग साम्राज्यात, म्हणजे ऑस्ट्रियात आणि पुढे ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. सरकार व्हिएन्नात आणि वरच्या थरातला कारभार जर्मनमध्ये. बाईंचे स्वतःचे राहणे विचाराल तर वेळापत्रकाप्रमाणे काम करणारी, पत्रांना वेळेवर उत्तरे देणारी शिस्तशीर मध्यमवर्गीय स्त्री.

त्यांचे शिक्षण किती झाले होते?

त्या काळातल्या कारागीर घरातल्या मुलीला मिळे तेवढे. वडील लहानपणीच वारले. पुढे काही काळ मुलींच्या खाजगी शाळेत शिकल्या. भाषा, साहित्य, संगीत यांतले बाकीचे सगळे स्वतःच्या वाचनातून आणि घरातल्या वातावरणातून आले. भावंडांमध्ये चित्रे काढणारी होती, पियानो वाजवणारी होती. एलिश्का स्वतः चित्रकला आणि संगीत दोन्ही शिकल्या. विशीच्या आतच त्यांच्या कविता छापून येऊ लागल्या.

दोन माणसांचा उल्लेख टाळता येत नाही. एक, कवी आणि संपादक वितेझ्स्लाव हालेक, ज्यांनी त्यांना छापायला सुरुवात केली. दुसऱ्या, कादंबरीकार कारोलिना स्वेत्ला. स्वेत्ला वयाने सतरा वर्षांनी मोठ्या. स्त्रियांच्या प्रश्नाकडे एलिश्का वळल्या त्या त्यांच्यामुळे, आणि पुढे स्मेताना यांच्यासाठी पहिली संहिता लिहिली तीही स्वेत्लांच्याच कथेवरून.

१८६७ ते १८७४ ही वर्षे त्यांनी पल्झेन शहरात काढली. प्रागच्या साहित्यिक वर्तुळापासून हे अंतर त्यांना जाचले असणार, पण शुमावाच्या डोंगररांगेवरच्या त्यांच्या कविता याच काळातल्या आहेत.

ऑपेराची संहिता लिहिणे म्हणजे नेमके काय? गाणी लिहिणे?

गाणी हा त्यातला एक भाग. कथा निवडायची, ती अंकांत बसवायची, कोण कुठे एकट्याने गाणार, कुठे दोघे, कुठे पाच जण एकाच वेळी पाच वेगवेगळ्या गोष्टी गाणार, समूह केव्हा येणार, हे सगळे आधी ठरवायचे आणि मग ते पद्यात लिहायचे. आपल्या संगीत नाटकात कित्येकदा चाल आधी असे आणि नाटककार तिच्यावर शब्द बसवी. इथे उलटा प्रवास. शब्द आधी जातात, संगीतकार त्यातून सूर काढतो. त्यामुळे शब्दांतच लय चुकली असेल तर ती चूक शेवटपर्यंत संगीतात राहते. क्रास्नोहोर्स्का यांची कीर्ती ज्या मुद्द्यावर उभी आहे तो हाच.

त्या या क्षेत्रात कशा आल्या?

वीस वर्षांच्या असताना. संगीतकार कारेल बेंदल यांच्या ‘लेयला’ या ऑपेराची संहिता त्यांनी लिहिली. इंग्रज कादंबरीकार बुल्वर-लिटन यांच्या स्पेनमधल्या ग्रानाडाच्या पाडावाविषयीच्या कादंबरीवर ती आधारलेली होती, आणि १८६८ मध्ये ऑपेरा प्रागच्या हंगामी नाट्यगृहात आला. हे नाट्यगृह नावाप्रमाणेच तात्पुरते होते. झेक लोकांचे मोठे राष्ट्रीय नाट्यगृह लोकवर्गणीतून उभे राहीपर्यंतची सोय. त्या छोट्या रंगमंचावर झेक भाषेतला ऑपेरा नुकता कुठे उभा राहत होता आणि सगळ्यांनाच संहिता हव्या होत्या. चांगले संगीतकार होते, चांगले कवी होते, पण रंगमंचासाठी लिहू शकणारे फार थोडे. बेंदल यांच्यासाठी त्यांनी पुढेही लिहिले : ‘ब्रझेतिस्लाव’, ‘कारेल श्क्रेता’, ‘ताबोरचे मूल’. झ्देन्येक फिबिख यांच्या ‘ब्लानिक’ची संहिताही त्यांचीच, ती १८८१ मध्ये रंगमंचावर आली.

यातले बहुतेक आज कोणी करत नाही. ऐतिहासिक विषयांवर लिहिताना बाईंची भाषा ताठ होते, पात्रे भाषण करू लागतात. हा माझा आक्षेप आहे. काही झेक अभ्यासक त्या संहितांविषयी जास्त प्रेमाने बोलतात.

१८७१ चा तो लेख इतका महत्त्वाचा का मानतात?

‘हुदेब्नी लिस्ती’ या संगीतविषयक नियतकालिकात त्यांनी झेक भाषेच्या सांगीतिक उच्चारणावर लेख लिहिला. वय तेवीस. विषय ऐकायला रुक्ष वाटतो, पण त्यात एका मोठ्या अडचणीचे निदान होते.

झेक भाषेत आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येतो. स्वराचे दीर्घत्व ही त्याहून वेगळी गोष्ट. शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला स्वर दीर्घ असला तरी आघात पहिल्यावरच. जर्मनमध्ये तसे नाही, आणि जर्मन पद्याची आवडती चाल अनाघात अक्षराने सुरू होऊन आघातावर पडणारी आहे. आता त्या पिढीतल्या झेक संगीतकारांची स्थिती पाहा. शिक्षण सगळे जर्मनमध्ये झालेले. स्मेताना यांची रोजनिशीसुद्धा कित्येक वर्षे जर्मनमध्ये होती. झेक भाषेत नीट लिहायला ते मोठेपणी शिकले. त्यांच्या ‘दालिबोर’ आणि ‘लिबुशे’ या दोन ऑपेरांच्या संहिता योसेफ वेंत्सिग यांनी मुळात जर्मनमध्ये लिहिल्या होत्या, मग एर्विन श्पिंदलर यांनी त्या झेकमध्ये आणल्या, मूळ वृत्त सांभाळून. म्हणजे जर्मन मापाच्या अंगरख्यात झेक शब्द कोंबलेले. परिणाम असा की गाताना जोर भलत्याच अक्षरावर येई आणि मातृभाषेतली ओळ ऐकणाऱ्याच्या कानाला परकी वाटे.

क्रास्नोहोर्स्का यांचे म्हणणे सरळ होते : तालाच्या जोरदार ठोक्यावर शब्दाचे आघाताचे अक्षर आलेच पाहिजे आणि ही जबाबदारी संगीतकाराइतकीच कवीचीही आहे. लोकगीतांतही या नियमाचे उल्लंघन सर्रास आढळते, म्हणून लोकगीत हा पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांशी त्यांना वाद घालावा लागला. तेवीस वर्षांच्या, विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या मुलीने देशातल्या अग्रगण्य संगीतकारांना उच्चार शिकवावेत, हे काहींना रुचले नाही हे सांगायला नको. स्मेताना मात्र ऐकणाऱ्यांपैकी निघाले. त्यांच्या पुढच्या ऑपेरांत शब्दांचे उच्चारण आधीच्यापेक्षा स्पष्टपणे सुधारलेले दिसते.

‘विकलेली वधू’ त्यांनीच लिहिली ना?

नाही. हा गैरसमज वारंवार भेटतो. स्मेताना यांच्या त्या सर्वांत प्रसिद्ध ऑपेराची संहिता कारेल साबिना यांची, प्रथम प्रयोग १८६६ मध्ये. साबिना हे क्रांतिकारक म्हणून तुरुंगवास भोगलेले लेखक. पुढे १८७२ मध्ये ते ऑस्ट्रियन पोलिसांचे खबरे असल्याचे उघड झाले आणि झेक समाजाने त्यांना वाळीत टाकले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच नोंदवायचे की स्मेताना यांना साबिनांनंतर नवा संहिताकार हवा होता आणि क्रास्नोहोर्स्का यांची जागा तिथे तयार झाली.

स्मेताना यांच्याशी त्यांचे काम कसे चाले?

मुख्यतः पत्रांतून, आणि याचे कारण दुःखद आहे. ऑक्टोबर १८७४ मध्ये स्मेताना पूर्ण बहिरे झाले. वय पन्नास. नाट्यगृहातले संचालन सुटले, उत्पन्न आटले, आणि १८७६ पासून ते प्रागच्या ईशान्येला याब्केनित्से या गावात मुलीच्या घरी राहू लागले. जावई तिथे वनाधिकारी होता. डोक्यात सतत घोंघावणारा आवाज, डॉक्टरांनी संगीताच्या कामावर घातलेली बंधने, आणि अशा स्थितीत हा माणूस विनोदी ऑपेरा लिहीत होता.

दुसऱ्या टोकाला क्रास्नोहोर्स्का. त्यांना तरुणपणापासून सांध्यांचा आजार होता, अधूनमधून अंथरूण धरावे लागे. दोन आजारी माणसांमधला हा पत्रव्यवहार १९४० मध्ये मिर्को ओचाद्लिक यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. त्यात स्तुती आहे, आर्जव आहे, पैशांच्या आणि नाट्यगृहाच्या तक्रारी आहेत, आणि मुख्य म्हणजे कामाचे बोलणे आहे : हा प्रवेश लांबला, इथे युगुलगीत हवे, या ओळीत अक्षरे कमी करा. स्मेताना त्यांच्याशी अत्यंत अदबीने वागत. मतभेद झाले तेव्हाही.

वयात तेवीस वर्षांचे अंतर असल्यामुळे या नात्याला प्रेमकथेचा रंग द्यायचा मोह काहींना होतो. पत्रांत तशाला आधार नाही.

‘चुंबन’ची गोष्ट काय आहे?

झेक नाव ‘हुबिच्का’. प्रथम प्रयोग ७ नोव्हेंबर १८७६, हंगामी नाट्यगृहात. बहिरेपणानंतरचा स्मेताना यांचा हा पहिला ऑपेरा आणि लोकांनी तो उचलून धरला.

लुकाश आणि वेंडुल्का यांचे जुने प्रेम. पण लुकाशला घरच्यांच्या इच्छेने दुसरीशी लग्न करावे लागले. ती बाळ मागे ठेवून वारली, आणि आता तो वेंडुल्काला मागणी घालायला आला आहे. सगळे जुळते. मग लुकाश लग्नाआधी एक चुंबन मागतो आणि वेंडुल्का साफ नकार देते. तिच्या मते तो मृत पत्नीचा अपमान ठरेल. बस, एवढ्यावर अख्खा ऑपेरा. लुकाश चिडतो, दारू पिऊन, वाजंत्री घेऊन तिच्या खिडकीखाली दुसऱ्या मुलींबरोबर नाचतो. ती मावशीकडे सीमेवरच्या जंगलात निघून जाते. मावशी चोरट्या मालाची ने-आण करणाऱ्यांच्या टोळीला हातभार लावते. शेवटी वेंडुल्का धावत त्याच्या मिठीत जायला निघते तेव्हा लुकाशच तिला थांबवतो : आधी तो सर्वांसमक्ष माफी मागणार, मग चुंबन.

मूळ कथा स्वेत्लांची, येश्तेद डोंगराच्या परिसरातली. क्रास्नोहोर्स्का यांनी तिच्यात दोन चांगल्या गोष्टी केल्या. पहिली, हट्ट दोघांचाही ठेवला आणि कोणाचाही हास्यास्पद केला नाही. वेंडुल्काचा नकार हा नखरा वाटला असता तर सगळे कोसळले असते; इथे तो तत्त्वाचा प्रश्न वाटतो आणि तरीही आपण हसतो. दुसरी, पहिल्या अंकात वेंडुल्का त्या आईविना बाळाला झोपवते तो प्रवेश. स्मेताना यांनी तिथे दोन अंगाई जोडल्या. एक लोकपरंपरेतली, एक स्वतःची. नाट्य थांबवून गाणे घातले असे वाटत नाही, कारण ज्या बाईसाठी ती चुंबन नाकारते तिचेच मूल तिच्या हातात आहे.

‘रहस्य’ आणि ‘सैतानाची भिंत’ यांबद्दल सांगाल का?

‘रहस्य’, झेकमध्ये ‘तायेम्स्त्वी’, सप्टेंबर १८७८ मध्ये आला. माझ्या मते बाईंची ही सर्वोत्तम संहिता. बेझ्देझ किल्ल्याच्या पायथ्याशी एक छोटे गाव, तिथले दोन नगरसेवक कालिना आणि मालिना, दोघांची जुनी खुन्नस. तरुणपणी कालिनाला मालिनाची बहीण रोझा हवी होती, पण तो गरीब म्हणून नाकारला गेला. आता एका वारलेल्या साधूने लिहून ठेवलेला कागद सापडतो, त्यात काही तरी गुपित. कालिनाला वाटते खजिना. तो रात्री खणत भुयारात शिरतो आणि भुयार जाऊन निघते ते थेट मालिनाच्या घरात, रोझापाशी. साधूने त्याला वीस वर्षांपूर्वीच वाट दाखवून ठेवली होती. गुपित ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणत एकाकडून दुसऱ्याकडे जात अख्ख्या गावात पसरते तो पहिल्या अंकातला भाग गावात राहिलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. प्रौढ वयातल्या दोघांचे अर्धवट राहिलेले प्रेम विनोदी ऑपेराच्या मध्यभागी ठेवणे त्या काळी धाडसाचे होते.

‘सैतानाची भिंत’ची कथा वेगळी. इथे दोघांचे जुळले नाही. व्हिश्शी ब्रोदजवळ व्ल्तावा नदीच्या पात्रात शिळांचा मोठा ढीग आहे. मठ बुडवण्यासाठी सैतानाने नदी अडवायचा प्रयत्न केला अशी दंतकथा त्याला चिकटली आहे. तेराव्या शतकातला सरदार वोक, त्याच्या संपत्तीवर डोळा असलेला साधू बेनेश, आणि त्या साधूचेच रूप घेऊन वावरणारा सैतान राराख, अशी मांडणी. रंगमंचावर दोन सारखे साधू. क्रास्नोहोर्स्का यांच्या मनात गंभीर, रूपकात्मक नाटक होते, धर्मसत्तेच्या लोभावर बोट ठेवणारे. स्मेताना यांना विनोदी बाजू ओढत होती आणि त्यांनी संहितेत त्या दिशेने कापाकापी केली. बाई नाराज झाल्या. शेवटी ऑपेराला ‘विनोदी-अद्भुतरम्य’ असे जोडनाव मिळाले आणि तो दोन्हीकडून थोडा थोडा सुटला. २९ ऑक्टोबर १८८२ चा पहिला प्रयोग अपयशी ठरला. दोष संहितेइतकाच तोकड्या नेपथ्याला आणि अपुऱ्या तयारीला गेला. आजारी स्मेताना यांना ते फार लागले.

चूक कोणाची? संगीत ऐकताना मला स्मेताना यांचे बरोबर वाटते आणि संहिता वाचताना क्रास्नोहोर्स्का यांचे. बहुतेक तीच त्या ऑपेराची अडचण आहे.

‘व्हिओला’ अपूर्ण का राहिला?

शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’वरची ही संहिता क्रास्नोहोर्स्का यांनी सत्तरच्या दशकातच स्मेताना यांना दिली होती. ती वर्षानुवर्षे बाजूला पडली आणि ते तिच्याकडे परत वळले तेव्हा बुद्धी ढळू लागली होती. पहिल्या अंकाचा तुकडा तेवढा झाला. १२ मे १८८४ रोजी प्रागच्या मनोरुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. तो तुकडा १९२४ मध्ये, स्मेताना यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, रंगमंचावर दाखवला गेला. तेव्हा संहिताकार हयात होत्या.

कवयित्री म्हणून त्यांचे स्थान काय?

हयातीत मोठे, आज बेताचे. देशप्रेम, स्लाव्ह बंधुभाव, शुमावाचा निसर्ग हे विषय. ‘शुमावातून’ हा १८७३ चा संग्रह त्यातल्या त्यात वाचनीय.

त्यांचे समकालीन कवींशी भांडण का झाले?

१८७७ मध्ये त्यांनी नव्या झेक कवितेचा आढावा घेणारा लांब निबंध लिहिला आणि ‘लुमीर’ नियतकालिकाभोवतीच्या कवींवर, विशेषतः यारोस्लाव व्रख्लित्स्की यांच्यावर टीका केली. मुद्दा असा की हे लोक परदेशी साहित्याच्या मागे लागून राष्ट्रीय परंपरेपासून तुटत आहेत. त्यावरून जे दोन तट पडले ते झेक साहित्याच्या पाठ्यपुस्तकांत आजही भेटतात.

काळाने निकाल व्रख्लित्स्की यांच्या बाजूने दिला. गंमत अशी की परदेशी साहित्य झेकमध्ये आणण्यात स्वतः क्रास्नोहोर्स्का कोणाच्या मागे नव्हत्या. पोलिश कवी मिकिएविच यांचे ‘पान तादेउश’ १८८२ मध्ये, बायरनचे ‘चाइल्ड हॅरल्ड’ १८९० मध्ये. दीर्घ पद्यकृती, त्याही पद्यातच आणायच्या. संहिता लिहिताना कमावलेला कान इथे कामी आला. दुसऱ्याचे शब्द आणि दुसऱ्याचे सूर यांच्या चौकटीत त्या जितक्या मोकळ्या होत तितक्या स्वतःच्या कवितेत होत नसत, असे मला वाटते.

‘मिनर्व्हा’ काय होती?

प्रागमधली मुलींसाठीची गिम्नाझियम, म्हणजे लॅटिन-ग्रीकसह सगळे विषय शिकवून विद्यापीठासाठी तयार करणारी शाळा. सप्टेंबर १८९० मध्ये सुरू झाली. संपूर्ण ऑस्ट्रिया-हंगेरीत अशी पहिलीच. राजधानी व्हिएन्नात मुलींसाठी तसे वर्ग सुरू झाले ते १८९२ मध्ये, आणि ही दोन वर्षांची आघाडी झेक लोक अजून अभिमानाने सांगतात.

याची पूर्वतयारी वीस वर्षांची आहे. १८७१ मध्ये स्वेत्ला यांनी स्त्रियांची उत्पादक संघटना काढली. १८६६ च्या प्रशियाबरोबरच्या युद्धानंतर विधवा आणि निराधार मुलींचा प्रश्न समोर होता. त्यांना शिवणकाम, हिशेबनिशी अशी कमाईची कामे शिकवणे हा हेतू. संघटनेचे मुखपत्र ‘झेन्स्के लिस्ती’. १८७५ पासून सुमारे साडेतीन दशके त्याचे संपादन क्रास्नोहोर्स्का यांनी केले. हात दुखत असताना दर महिन्याला अंक काढणे, लेख मागवणे, न आल्यास स्वतः लिहिणे. त्यांच्या नावावर जे काही आहे त्यातला मोठा हिस्सा या चिकाटीचा आहे आणि त्याचा कोणी पुतळा करत नाही.

१८८१ मध्ये त्यांनी ‘झेक स्त्रीप्रश्न’ ही पुस्तिका लिहिली. तोवर एक गोष्ट स्पष्ट झाली होती : शिवणकामाने पोट भरेल, पण डॉक्टर होता येणार नाही. बोहुस्लावा केत्स्कोवा झ्युरिकमध्ये १८८० साली आणि आना बायेरोवा बर्नमध्ये १८८१ साली वैद्यकाच्या पदव्या घेऊन आल्या, पण ऑस्ट्रियन साम्राज्यात त्या पदव्यांना मान्यता नव्हती. केत्स्कोवा यांना प्रागमध्ये सुईण म्हणून काम करावे लागले. पुढे दोघींनाही सरकारी डॉक्टरची नोकरी मिळाली ती बोस्नियात, जिथे मुस्लिम स्त्रियांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्या होत्या.

१८९० मध्ये क्रास्नोहोर्स्का यांनी व्हिएन्नाच्या संसदेकडे अर्ज पाठवला, स्त्रियांना वैद्यक आणि तत्त्वज्ञान शाखांत प्रवेश द्या म्हणून. त्यावर ४,८१० सह्या होत्या. संसदेने दाद दिली नाही. पण उत्तराची वाट न पाहता त्यांनी ‘मिनर्व्हा’ नावाची संस्था काढून शाळेची परवानगी मिळवली. आधी विद्यापीठाचे दार उघडा, मग मुली तयार करू, असे म्हणत बसल्या असत्या तर दोन्ही झाले नसते. त्यांनी मुली तयार करून दारात उभ्या केल्या.

दार कधी उघडले?

पहिल्या तुकडीने १८९५ मध्ये शालान्त परीक्षा दिली. स्वतःच्या शाळेत नाही, तर मुलांच्या अकादमी गिम्नाझियममध्ये, परक्या परीक्षकांसमोर. पास होऊनही विद्यापीठात त्यांना केवळ श्रोत्या म्हणून, प्राध्यापकांच्या मर्जीवर बसता येई. तत्त्वज्ञान शाखा १८९७ मध्ये खुली झाली, वैद्यक १९०० मध्ये. १९०२ मध्ये ‘मिनर्व्हा’ची विद्यार्थिनी आना होन्झाकोवा प्रागच्या झेक विद्यापीठाची पहिली स्त्री डॉक्टर झाली. अर्जापासून मोजले तर बारा वर्षे.

पुढे झेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष मासारिक यांची मुलगी आलित्से मासारिकोवा याच शाळेची. झेकोस्लोव्हाक रेडक्रॉसची धुरा तिने वाहिली. आणि मिलेना येसेन्स्का, जिला बहुतेक वाचक काफ्काच्या पत्रांमुळे ओळखतात, तीही मिनर्व्हाचीच. आज्ञाधारकपणाबद्दल तिची ख्याती नव्हती.

मुलींसाठीच्या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या का?

लिहिल्या, आणि सामान्य झेक वाचकाला त्यांचे नाव कदाचित त्यामुळेच जास्त माहीत आहे. १८९९ ची ‘स्वेहलाविच्का’, म्हणजे एका हट्टी मुलीची गोष्ट. ती एमी फॉन रोडेन यांच्या लोकप्रिय जर्मन पुस्तकाचे झेक रूपांतर आहे. आयुष्यभर जर्मन प्रभावाविरुद्ध लिहिणाऱ्या बाईंचे सर्वाधिक खपाचे पुस्तक जर्मन मुळाचे निघावे, यावर झेक लोकही हसतात. पुढचे भाग निघाले, त्यात हट्टी मुलगी नवरी होते, गृहिणी होते आणि आजीही होते.

त्यांनी लग्न केले होते का?

नाही.

हयातीत सन्मान मिळाला का?

उतारवयात, भरपूर. १९२२ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली, तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या घरात होत्या. त्याआधीच्या वर्षी त्यांच्या तरुणपणाच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या होत्या. स्मेताना, स्वेत्ला, लेखक यान नेरुदा ही माणसे त्यांनी जवळून पाहिलेली, त्यामुळे या आठवणी अजूनही वाचल्या जातात.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

‘चुंबन’पासून. आधी वेंडुल्काच्या अंगाईंचा प्रवेश, मग दुसऱ्या अंकातले बार्चे या मोलकरणीचे चंडोलाचे गाणे, मग सगळा ऑपेरा. झेक येत नसले तरी एक करून पाहा : शब्दांचा मजकूर समोर ठेवा आणि प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर तालाच्या कुठल्या मात्रेवर पडते ते पाहत चला. त्यानंतर ‘दालिबोर’मधला एखादा प्रवेश त्याच पद्धतीने ऐका. १८७१ च्या लेखात बाई कशासाठी भांडत होत्या ते कानाला आपोआप कळते. ‘रहस्य’ दुसऱ्या क्रमांकावर, आणि त्याचा पहिला अंक मजकुराशिवाय ऐकू नका, नाहीतर सगळी गंमत हुकेल.

प्रागमध्ये त्यांच्या खुणा कुठे पाहायला मिळतात?

चार्ल्स चौकातल्या बागेत त्यांचा पुतळा आहे, १९३१ साली बसवलेला, शिल्पकार कार्ला वोबिशोवा. स्वेत्ला यांचे स्मारकही त्याच चौकात. जुन्या ज्यू वस्तीच्या भागात, योसेफोवमध्ये, एलिश्का क्रास्नोहोर्स्का मार्ग आहे. तिथली ओताकार नोवोत्नी यांनी बांधलेली घनवादी (क्युबिस्ट) शैलीतली इमारत पाहायला वास्तुकलेचे विद्यार्थी येतात. स्मेताना यांचे संग्रहालय व्ल्तावाच्या काठी, चार्ल्स पुलाजवळ आहे. हे सगळे एका दिवसात पायी होते.